पुसता न येणारी

"वजा, अधिक, पुसायची, न पुसायची... मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" बुरुलकान-अपाने काउंटरवरच्या कोऱ्या डीव्हीडी डिस्कांकडे हात झटकला. "आमच्या मशीनवर चालेल ती दे."

तालाय जलालाबादच्या बाजारात लग्नांच्या फिल्मा काढून विकायचा. दिवसातून दहादा तेच पुराण लावायचा. जुन्या मशीनला वजावाली चालते, अधिकवाली रुसते. 'आर' एकदा भरली की भरली. 'आरडब्ल्यू' महाग, पण हवं तितक्यांदा पुसा, हवं तितक्यांदा भरा.

"मग पुसायचीच दे. नातू झाला की त्याचा पाळणा त्याच डिस्कवर घेऊ. हिचं रडणं काय जन्मभर बघायचंय?"

ही म्हणजे सून जिपार. कोपऱ्यात उभी होती, डोक्याला पांढरा रुमाल. तीन आठवड्यांपूर्वी अपाच्या मुलाने तिला कॉलेजच्या दारातून गाडीत कोंबून आणलं. पाच बायांनी हातपाय धरून तो लग्नाचा रुमाल बांधला. याची लाज कुणाला? अपाने तर गाडी यायच्या आधीच कॅमेरा लावून घेतला होता. पाहुण्यांना सगळं दाखवायचं होतं ना! कॅमेरा तालायचा होता.

अपा समोरच्या तंदूरवर रोट्या घ्यायला गेली. जिपार झटकन काउंटरपाशी आली.

"मला न पुसायचीवर हवंय, अका," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. "तुम्ही सगळे पुलावाच्या कढईभोवती हसत माझी वाट बघताय, तिथपासून. काही कापायचं नाही."

"कशाला पण?"

"बाबांनी फिर्याद दिलीय. पोलीस म्हणतात, पोरगी राजीखुशीने गेली."

"अगं, पडलीस ना आता संसारात? घरोघरी हेच आहे. माझी आईसुद्धा अशीच आली."

"तिला विचारलंत कधी?"

तालायचं डोकं सणकलं. आधी या पोरीवर, मग अपावर. आणि मग त्याला आई आठवली. लग्नाचा विषय निघाला की ती उठून चुलीपाशी जायची. त्याने कधीच विचारलं नव्हतं.

प्रत्येक लग्नाची एक अख्खी प्रत तो स्वतःसाठी स्वस्तातल्या 'आर'वर ठेवायचा. त्याने खण उघडला, जिपारची डिस्क काढून काउंटरवर ठेवली. वर पंजा दाबून धरला.

"माझं नाव मात्र कुठं घ्यायचं नाही."

"मी कशाला घेऊ?" जिपार म्हणाली. "रुमाल बांधताना मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, 'अका, सोडवा मला.' त्यावर तुम्ही काय म्हणालात तेही त्यात आहे. 'जरा डावीकडे वळ, चेहरा उजेडात येऊ दे.'"

दारात अपा उभी होती, काखेत गरम रोट्या.

"झाली का रे पुसायची भरून?"

"भरतोय, अपा," तालाय म्हणाला, आणि जिपारच्या डिस्कवरचा पंजा त्याने काढून घेतला.