टोकाचा गुलाब

दवाखान्यातून सुटल्यावर बाबांनी लगेच सायकल मागितली. द्राक्षमळ्यांतल्या खडीच्या वाटेवर मोटारींची भीती नव्हती. मागोमाग सायकलवर निघालेल्या त्यांच्या लेकीची, सोलांजची भीती वेगळीच होती. “वरनं जाऊ, खालून चढ लागतो,” ती म्हणाली. “चढाला मी भितो होय,” म्हणत बाबांनी हँडल खालच्या वाटेला वळवलं. त्यांच्या शेतात वेलींच्या ओळीच्या टोकाला लावलेला गुलाब तेवढा उभा होता. वाइनला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून वेली तिनं हिवाळ्यातच उपटल्या होत्या. आजारी माणसाला सांगायला जीभ रेटली नव्हती. उघड्या मातीकडे पाठ करून बाबांनी गुलाबाची पानं उलटून पाहिली. रोग पडतो तो आधी गुलाबावर, मग वेलींवर. “ठणठणीत आहे. यंदा वेलींची काळजी नको.” “हो बाबा,” ती कशीबशी म्हणाली. दोघं सायकली ढकलत चढ चढले. मग मागं न बघता त्यांनी विचारलं, “वेलींचे बुंधे तरी ठेवलेस ना, पोरी? शेकोटीत सावकाश जळतात.”