बोआदु झाला

"मुसळ हवेत धरून उभे राहू नका, आफ्रियेचे बाबा! कसावा थंड झाला की गाठी राहतात, आणि मग जेवताना तोंड तुम्हीच वाकडं करता."

पोकुआ उखळापाशी बसली होती, ओला हात उकडलेल्या कसाव्याच्या कंदांच्या, फुफूच्या गोळ्यावर. समोर तिचा नवरा, क्वाबेना बोआदु, मुसळ डोक्याच्या वर उचलून थांबला होता. चर्चहून येऊन तासभर झाला होता. खिडकीतला रेडिओ घसा फाडून ओरडत होता. गावच्या संघाला पेनल्टी मिळाली होती आणि सामन्याची दोनच मिनिटं उरली होती.

"एकच मिनिट गं बाई!"

"रेडिओ बंद करा, नाहीतर नीट कांडा. बोटं माझी आहेत त्यात."

संघ जिंको की हरो, त्याचं काही अडत नव्हतं. तो ऐकत होता ते आपल्या नावासाठी. एकतीस वर्षांपूर्वी गावच्याच मैदानावर, कुमासीच्या मोठ्या क्लबचा माणूस खास त्याला बघायला आलेला असताना, त्याने पेनल्टी गोलच्या बारवरून मारली होती. बारवरून, मग भिंतीवरून, ती थेट पलीकडच्या अंगणात कुणाच्या तरी उकळत्या रश्शात. क्लबचा माणूस उठून गेला. बोआदु गावातच राहिला, नाक्यावर टायरचे पंक्चर काढत.

पण नाव तेवढं गावभर झालं. शिंप्याने बाही आखूड कापली, की बोआदु झाला. ड्रायव्हर वळण चुकला, की बोआदु झाला. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, तरी मेले तेच म्हणायचे. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा दात काढून सांगायचं, "काका, नीट लावा हं ठिगळ, बोआदु नको." तो हसायचा आणि ट्यूब पाण्यात दाबून धरायचा. घरात मात्र तो शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. लहानपणी आफ्रियेच्या हातून दूध सांडलं आणि पोर तेच बोलून गेली, तेव्हा हा बाबा दोन दिवस जेवला नव्हता.

एकदा, फक्त एकदा कुणीतरी पेनल्टी चुकवावी आणि आपलं नाव येऊ नये, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं.

"धावला... मारला..." रेडिओवरचा पोरगा किंचाळला. "अरे देवा! वरून! पार वरून गेला! काय हे, मंडळी! अक्रोफी झाला! सरळसरळ अक्रोफी झाला!"

मुसळ हळूच खाली आलं. पोकुआने हात बाजूला घेतला.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "सुटलात एकदाचे. देव पावला."

"हा अक्रोफी कोण?"

"अहो, तो नाही का, गेल्या वर्षी शेवटच्या सामन्यात चुकलेला. पोरं आता त्याचंच नाव घेतात. बाजारात तर कधीपासून चाललंय."

"कधीपासून?"

"झाले की पाचसहा महिने."

म्हणजे सहा महिने आपलं नाव कुणी घेतलेलं नाही, आणि आपल्याला पत्ताही नाही! तो कांडू लागला. दोन घाव घातले आणि थांबला.

"पण त्या अक्रोफीने तर गोलकीपरच्या हातात मारला होता! मऊ, लोण्यासारखा! आजचा वरून गेलाय. वरून मारणं वेगळं असतं, पोकुआ. त्याला पायात ताकद लागते. ह्या रेडिओवाल्यांना काही कळतं का?"

"कांडा."

"अडाणी लेकाचे."

"कांडा म्हणते ना."

तो कांडत राहिला, पण हातात जीव नव्हता. मुसळ पडायचं तिथे पडत होतं, एवढंच. पोकुआ गोळा उलटत होती, पाण्यात हात बुडवत होती, पुन्हा उलटत होती, आणि मान वर न करता नवऱ्याचे पाय बघत होती. उजवा पाय अजून थोडा पुढे असायचा, मारायच्या तयारीत असल्यासारखा. एकतीस वर्षांत त्या पायाची ती सवय गेली नव्हती. तिला एकदम भरून आलं.

एवढ्यात घाव तिरका बसला. मुसळ उखळाच्या काठावर आपटलं, फुफूचा एक लगदा उडाला आणि अंगण ओलांडून कोंबड्यांच्या मधोमध पडला. कोंबड्या पंख फडफडवत पळाल्या आणि लगेच परत आल्या.

पोकुआने त्या लगद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"बोआदु झाला," ती म्हणाली.

या घरात आजवर ती हे कधी बोलली नव्हती. रेडिओवर सामना संपल्याची शिट्टी वाजली. दोघांपैकी कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. बोआदु मुसळाला रेलून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"वरून गेला होता ना?" त्याने विचारलं. "पार वरून?"

"वरून म्हणजे! भिंतीवरून थेट आमच्या रश्शात. आईने मलाच बदडलं, झाकण का ठेवलं नाहीस म्हणून." तिने हात पुन्हा पाण्यात बुडवला. "आणि अर्ध्या तासाने तुम्ही दारात येऊन उभे, चेंडू मागायला. रडून डोळे हे एवढाले सुजलेले."

"तू धुऊन दिला होतास."

"मग काय, तेलकटच द्यायचा होता? उचला आता. थंड होतंय."

त्याने मुसळ उचललं, आणि तिने बेधडक हात उखळात घातला.