बंद न केलेली डिस्क

डिस्क तुमची, कॅमेरा तुमचा, चौकशीच्या खोलीची किल्लीही तुमच्याच कमरेला. आत काय झालं ते दाखवायची वेळ आली, की तुम्ही म्हणता डिस्क लागत नाही. शाबास.

कोर्टातल्या टीव्हीवर निळा पडदा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन शब्द : डिस्क नाही. शिपायानं डिस्क बाहेर काढली, बाहीला पुसली, परत घातली. प्लेअर जरा घरघरला आणि थांबला. डिस्क नाही.

लॉर्ना टॅकेट कठड्यामागच्या पहिल्या बाकावर बसली होती. पुढ्यात तिचा मुलगा रोनी, कैद्याच्या नारिंगी कपड्यांत, हातात बेड्या. पेट्रोल पंपावरच्या दरोड्याची कबुली त्यानं लिहून दिली होती. तो म्हणत होता, सही करेपर्यंत मी वकील मागत होतो, कुणी दिला नाही. ते मागणं त्या डिस्कवर होतं. दिसलं तर कबुली रद्द. नाही तर वीस वर्षं.

साक्षीच्या खुर्चीत पोलिसांतला डेप्युटी वेन क्रॅबट्री होता. रोनीची चौकशी त्यानंच केली, रेकॉर्डिंगही त्यानंच. लॉर्नाच्याच चर्चमधला माणूस. रोनीच्या बाप्तिस्म्याला त्यानं तिच्या अंगणात बसून मक्याचा पाव आणि डुकराचं मटण हादडलं होतं.

"रेकॉर्डिंग झालं की डिस्क बंद करावी लागते, साहेब," वेन म्हणाला. "बटण दाबलं की मशीन डिस्कच्या आतल्या कडेला यादी लिहितं, काय कुठं आहे त्याची. दुसरा प्लेअर आधी ती यादी शोधतो. यादी नसली तर त्याच्या लेखी डिस्कच नाही. बटण दाबायचं राहिलं माझ्याकडून."

"मग ज्या मशीनवर काढली ते आणा," जज म्हणाले.

"ते भंगारात गेलं, साहेब. नवीन आली ना."

रोनीची वकील प्रुइटबाई उठली. "डिस्क अजूनही बंद करता येते. दुसऱ्या मशीनवर यादी लिहून घेऊ. जेवणाच्या सुट्टीत होईल."

सरकारी वकील बसल्या जागेवरूनच बोलला, "म्हणजे पुराव्यावर लिहायचं. मग मीही खरडतो दोन ओळी."

मागं कुणीतरी हसलं. जज हसले नाहीत. "पुराव्यावर काही लिहिता येणार नाही. आणि कोर्टाच्या प्लेअरमध्ये जे लागत नाही, ते कोर्टापुढं नाही. कबुली कायम."

झालं. एवढंच.

प्रुइटबाईनं डिस्क हातात घेतली आणि दिव्याकडं तिरकी धरली. लॉर्ना कठड्यावरून वाकली. भोकापासून निम्म्यापर्यंत गडद जांभळं कडं होतं, पातेल्याच्या बुडाला दूध लागावं तसं. त्यापुढची कड फिकट, कोरी.

"ते काळं काय?"

"लेझरनं जाळलेला भाग. रेकॉर्डिंग त्यातच असतं." प्रुइटबाई तिच्याकडं बघत नव्हती. "रोनी आहे त्यात."

"आणि ह्यांना दिसत नाही?"

"यादी नाही ना, लॉर्नाबाई."

रोनीला उठवलं. मान न वळवता तो म्हणाला, "आई, घरी जा. जेवून घे."

वेन टोपी सारखी करत कठड्याजवळून निघाला. लॉर्ना त्याच्या वाटेत उभी राहिली. शिपाई म्हणाला, "बाई, बसा खाली." ती बसली नाही.

"वेन, चर्चमधल्या रविवारच्या गाण्यांच्या डिस्का तूच काढतोस. माझ्याकडं लागतात. आंधळ्या मिलीकडं लागतात. म्हाताऱ्यांच्या आश्रमातल्या त्या डबड्यातसुद्धा लागतात. त्यातली एक तरी बंद करायला विसरलास आजवर?"

वेननं जजच्या खुर्चीकडं पाहिलं.

"तिकडं काय बघतोस? मी विचारतेय. माझ्या पोराचीच कशी विसरलास? सांग."