पडताळणी

लतीफने आपल्या मुलीला दोन्ही हातांवर उचलून सहावीच्या वर्गात आणलं, तेव्हा प्रार्थना नुकतीच संपली होती. पोरं आपापल्या जागी उभीच होती. सगळी त्या मुलीकडे बघत तशीच उभी राहिली.

"इथं, खिडकीपाशी बसवा," भारत सर म्हणाले.

आकांक्षा नावाची मुलगी पटकन सरकली. लतीफने कशफला बाकावर बसवलं, तिचे पाय हाताने उचलून बाकाखाली सरळ केले आणि पाठीशी चादरीची घडी लावली.

कशफ अकरा वर्षांची होती. तिचं नाव शाळेच्या पटावर होतं, पण शाळा तिने आतून कधी पाहिली नव्हती. पायांत जन्मापासून जोर नव्हता. दर गुरुवारी साधना मॅडम मंठ्याहून येत, घरी ओसरीवर बसून तिला शिकवत, आणि तेवढी शाळा सरकारला मान्य होती. यंदा वरून नवा आदेश निघाला होता. घरी शिकणारं प्रत्येक मूल वर्षातून एकदा वर्गात बसवून, त्याचा फोटो काढून पडताळायचं. नाही आणलं तर नाव कमी होणार, आणि मॅडमचं येणंही बंद.

साधना मॅडमनी मोबाइल आडवा धरला. "कशफ, इकडं बघ." फोटो निघाला, पण रेंज नव्हती. तो वर जाईना.

"मॅडम, मोटार रिवायंडिंगचं दुकान बंद ठेवून आल्तो," लतीफ दारातून म्हणाला.

"फोटो जाईपर्यंत बसू द्या तिला. मी बघते."

सरांनी फळ्यावर गणित लिहिलं. एक छेद दोन अधिक एक छेद चार. किती? ते विचारतात न विचारतात तोच कशफने उत्तर दिलं. घरी तिच्याशिवाय उत्तर द्यायला कुणी नसायचं.

"दोन छेद सहा!"

"चूक," सर म्हणाले. "आणि आधी हात वर करायचा."

सगळा वर्ग हसला. कशफचं तोंड लाल झालं. घरी साधना मॅडम तिला कधीच चूक म्हणत नसत. 'छान, आता असं करून बघ' म्हणत. तिने शेजारी पाहिलं. आकांक्षाने पाटीवरचं आपलं उत्तर तळहाताने पुसलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "मीबी तेच लिहिलं व्हतं." मग दोघी इतक्या हसल्या, की सरांना बाकावर डस्टर आपटावं लागलं.

साधना मॅडम दाराशी उभ्या होत्या. ओसरीवर कशफ अशी हसलेली त्यांना आठवेना.

मधल्या सुट्टीत खिचडी आली. आकांक्षाने पाण्याची बाटली पुढे केली.

"पी की."

"नको."

"उष्टी न्हाई."

कशफने बाटलीकडे पाहिलं. तिच्या अम्मीने, शकीलाने, सकाळपासून लेकीला पाण्याचा घोट दिला नव्हता, चहासुद्धा नाही. शाळेत लघवीला कुठं जाशील, म्हणाली होती. पण ते आकांक्षाला कसं सांगायचं? तिने बाटली घेतली आणि घटाघटा अर्धी संपवली.

दुपारच्या पहिल्या तासाला ती आकांक्षाच्या कानात काहीतरी कुजबुजली. आकांक्षा उठून सरांकडे गेली.

"सर, तिला बाहेर जायचंय. आम्ही तिघी-चौघी उचलून नेतो."

मुलींचं शौचालय शाळेमागे, उंच जोत्यावर होतं. पायऱ्या अरुंद, कठडा नाही.

"बिलकुल नाही," सर म्हणाले. "पडली-बिडली तर मी कुणाला तोंड दाखवू? तिच्या वडिलांना बोलाव."

दुकानावर न जाता व्हरांड्यातच थांबलेला लतीफ धावत आला. तिला उचलून घरी न्यायला वाकला, तर कशफने बाकाची कड घट्ट धरली.

"अब्बा, मेरेकू रोज इधर आनाय."

लतीफ तसाच वाकलेला राहिला. मग मान वळवून त्याने विचारलं, "मॅडम, रोज आणली तर चालतं का?"

"कायद्यानं तिला कुणी अडवू शकत नाही," साधना मॅडम म्हणाल्या.

"आन् घरी शिकवली तर?"

"तेही कायद्यात बसतं. पालकांनी ठरवायचं."

लतीफ सरांकडे वळला. "सर, त्या पायऱ्यांचं काही व्हईल का? मी दुकानावर असतो. हिच्या अम्मीला आता ही उचलत न्हाई."

"प्रस्ताव गेलेला आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "मी इथं बदलून यायच्या आधीचा."

तेवढ्यात साधना मॅडमचा मोबाइल वाजला. फोटो गेला होता.

"घरीच ठेवतो मंग," लतीफ म्हणाला.

त्याने कशफची बोटं एकेक करून बाकावरून सोडवली. "मी गुरुवारी येतेच हं," साधना मॅडम म्हणाल्या. कशफने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

लतीफ मैदानात पोचला तोवर आकांक्षा राहिलेली चादर घेऊन मागे पळत आली.

"उद्या येणार न्हाईस का?"

"पुढच्या साली येईन," कशफ अब्बाच्या खांद्यावरून म्हणाली. "फोटोला. खिडकीजवळची जागा धरून ठेव माझी."

"पुढच्या साली आम्ही इथं कुठं असतो?" आकांक्षाने बोट वर केलं. "सातवीचा वर्ग माडीवर भरतो. तिथल्या खिडकीतून सगळं गाव दिसतं."