उजवीकडून डावीकडे

"टीव्हीतली बाई उजवीकडून डावीकडे लिहिते. म्हणजे उर्दू, नाहीतर अरबी," प्रेमराजभाऊ फोनवर म्हणाले. "पाकिस्तान किंवा आखात. तिसरं काही असूच शकत नाही."

"आणि घड्याळ?" धुळ्याहून हिलालने विचारलं.

घोडं तिथेच अडत होतं. बाईच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं. रावेरला सकाळचे दहा वाजले की त्यात दोन वाजायचे. पाकिस्तान आपल्या मागे, आखात त्याहून मागे. हे तर चार तास पुढे.

"जपानच्या पलीकडे उर्दू कोण लिहितं, भाऊ?" हिलाल हसला. "तुनं बठ्ठं उलटं शे. दाढी कितली वाढनी?"

आपलं सगळंच उलटं, हे ऐकून प्रेमराजभाऊंनी फोन ठेवून दिला.

धुळ्याच्या टीव्ही प्रक्षेपण केंद्रात दोघांनी एकत्र नोकरी केली होती. केंद्राला टाळं लागलं आणि प्रेमराजभाऊ रावेरला परतले. सगळं बंद असलेल्या त्या उन्हाळ्यात त्यांनी भंगारातून पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणला. ट्यूबच्या मानेवरची, पडद्यावर चित्र आखणारी जळकी कॉइल काढून दुसरी बसवली, तारा अंदाजाने जोडल्या. गच्चीवर पाइप उभा केला, वर अँटेना चढवला. केबल त्यांनी कधी घेतलं नव्हतं. केंद्रातल्या माणसाने केबलवाल्याच्या दारात जायचं म्हणजे नाक कापून घेणं.

हवेत आता पकडण्यासारखा सिग्नलच उरलेला नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरीही चित्र आलं. आवाजाच्या जागी खरखर, पडदाभर पांढरे ठिपके आणि त्यामागे फळ्यावर लिहिणारी एक बाई. हवा तापली की कधी कधी दूरदेशीचा सिग्नल हजार मैलांवरून येऊन पडतो, असं जुने इंजिनिअर सांगत. प्रेमराजभाऊंनी जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं की परदेशी स्टेशन पकडलंय, त्याचं नाव सांगेन तेव्हाच दाढी करीन.

आता दाढी छातीकडे निघाली होती आणि नाव सापडत नव्हतं.

"पदर बघ तिचा, उजव्या खांद्यावर," ते बायकोला म्हणाले. "गुजराती पद्धत. कराचीत गुजराती आहेत म्हणतात."

प्रमिलाबाई टीव्हीसमोर गव्हाचं ताट घेऊन बसल्या होत्या. सुरुवातीला त्या या टीव्हीला मढं म्हणत. हल्ली मात्र बाईची वेळ झाली की चूल सोडून येत.

"लिहिताना मान वाकडी करते," त्या म्हणाल्या.

"मान कशाला बघतेस? लिपी बघ."

"लिपी तुम्हालाच दिसत नाही, मला काय दिसणार?"

बाई गेली. एक पुरुष आला आणि डाव्या हाताने फळ्यावर लिहू लागला. काल योगासनं दाखवणारा आला होता, तोही डावखुराच. प्रेमराजभाऊ वैतागले.

"अख्खा देश डावखुरा. कुणी वळण लावलंच नाही यांना. एवढी बाईच काय ती उजव्या हाताची. आणि इथं एका पोरीचा डावा हात सोडवता सोडवता माझा जन्म गेला. पानावर मीठसुद्धा डाव्या हातानं वाढायची."

"ज्योतीचं कशाला काढता मध्येच?"

"मी नाव घेतलं का? ज्या दिवशी मला न विचारता लग्न करून गेली, त्या दिवशी या घरात ते नाव संपलं. तिचं तोंड बघणार नाही म्हणालो, बघितलं नाही."

"नाही बघितलं," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि खाली मान घालून खडे वेचू लागल्या.

तेवढ्यात शेजारचा हेमराज खिडकीत आला.

"प्रेमराजभाऊ, जरा हळू. पोरांची केबलवर शाळा चालू आहे. आणि तो पाइप शनिवारपर्यंत उतरवा. वादळात उभ्या केळीच्या बागा झोपतात, तुमचा पाइप काय घेऊन बसलात? पडला तर माझ्या पत्र्यावर."

"शनिवारपर्यंत नाव काढतो. मग तूच हार घेऊन येशील."

"हार आणतो. पाइपला घालू."

हेमराज गेल्यावर प्रमिलाबाई म्हणाल्या, "पाइप राहू द्या ना. मी सांगते त्याला."

"तूच भंगार म्हणायचीस."

"तेव्हा म्हणत होते."

शनिवार आला. नाव आलं नाही. शुक्रवारभर प्रेमराजभाऊंनी अँटेना पश्चिमेला फिरवला, पूर्वेला फिरवला. चित्र होतं तेवढंच राहिलं. दूरच्या सिग्नलला दिशा असते. याला दिशाच नव्हती. तीस वर्षांची नोकरी पाण्यात गेल्यासारखं त्यांना वाटलं.

सकाळी हेमराजने दोन माणसं आणून पाइप आडवा केला. अँटेना गच्चीच्या कठड्यावर पडला, खालच्या गल्लीतल्या केबलच्या खांबाकडे तोंड करून. त्याची वायर काढायचंही प्रेमराजभाऊंना सुचलं नाही. ते खाली आले, ग्रुपवर "हरलो" एवढंच लिहिलं आणि पाण्याचा तांब्या, वस्तरा घेऊन बैठकीत बसले. आरसा खिडकीच्या गजाला टांगला. पाठ टीव्हीकडे.

"अहो," मागून प्रमिलाबाई म्हणाल्या, "आज किती स्वच्छ दिसतंय."

"शक्य नाही. अँटेना आडवा पडलाय."

"बघा तरी."

"मला त्या देशाचं तोंड बघायचं नाही आता."

त्यांनी गालाला साबण लावला आणि आरशात पाहिलं. आरशात त्यांच्या खांद्यावरून टीव्ही दिसत होता. पडद्यावर एकही ठिपका नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. पाठमोऱ्या बाईचा पदर डाव्या खांद्यावर होता. फळ्यावर ठसठशीत मराठीत लिहिलं होतं, "इयत्ता सातवी, गणित".

वस्तरा हवेतच राहिला.

मान वाकडी करून तिने ओळ पूर्ण केली, आणि डाव्या हातात खडू तसाच धरून ज्योती त्यांच्याकडे वळली.