मयताच्या नावावर

"नाव बरोबर आहे, पण ही बाई मयत आहे," कारकून यादीवरचं बोट न हलवता म्हणाला.

टेबलासमोर उभी असलेली बाई चांगली धडधाकट होती. पन्नाशीची असेल. चपला धुळीने माखलेल्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. तिने फक्त विचारलं, "मग मत कुठे द्यायचं?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. शिक्षिकाबाईंना मात्र हसू आलं नाही. एरवी त्या शाळेत गणित शिकवायच्या. आज या मतदान केंद्राच्या प्रमुख होत्या, आणि सकाळपासून लोकांची बोलणी खाऊन त्यांचं डोकं तापलं होतं. ओळखपत्राचा नवा कायदा लागू झाल्यावरची ही पहिलीच निवडणूक. कुणाच्या कार्डावरचा फोटो पुसट, कुणाच्या नावात एक अक्षर कमी. त्यांनी कितीतरी म्हाताऱ्यांना परत पाठवलं होतं आणि प्रत्येकाचे शिव्याशाप ऐकले होते.

त्यांनी यादी ओढून घेतली. नावावर लाल रेघ होती. शेजारी नवऱ्याचं नाव वाचलं आणि त्यांच्या कानशिलांत गरम झालं. ते नाव गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वकीलसाहेबांचं.

हा कायदा आला तो त्यांच्यामुळे. सभेसभेत ते एकच गोष्ट सांगायचे. आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे ती जास्तच लागायची. "माझी बायको गेली, आणि तिच्या नावावर कुणीतरी खुशाल मत टाकून गेलं. मला न्याय नको, फक्त तिचं नाव कुणी वापरू नये." तीन वर्षांपूर्वी बदली होऊन आल्यावर शिक्षिकाबाईंनी पहिली सभा ऐकली ती त्यांचीच, आणि घरी येईपर्यंत त्यांचे डोळे कोरडे झाले नव्हते.

आणि आज पुन्हा तेच नाव. भर दुपारी, त्यांच्याच टेबलावर.

"कार्ड दाखवा," त्या म्हणाल्या.

"घरी राहिलं."

"मग घेऊन या."

ती बाई नुसतीच हसली. त्या हसण्याने शिक्षिकाबाईंचं पित्त खवळलं.

"जन्मतारीख?"

तिने सांगितली. वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, घराचा पत्ता, सगळं विचारायच्या आधीच घडाघडा सांगितलं. यादीशी तंतोतंत जुळत होतं. खरा माणूस कुठेतरी अडखळतो, शिक्षिकाबाईंच्या मनात आलं. ही पाठ करून आलेली आहे.

रांगेतल्या एका म्हातारीने पुढे होऊन तिच्याकडे निरखून पाहिलं. मग खिडकीबाहेर, आवारात उभ्या असलेल्या वकीलसाहेबांकडे पाहिलं. आणि मत न देताच ती निघून गेली.

"बाई, तुम्ही कुणाच्या जखमेवर मीठ चोळताय, कळतंय का तुम्हाला?" शिक्षिकाबाई म्हणाल्या. "ते गृहस्थ इथेच आहेत."

"ठाऊक आहे. बोलवा त्यांना," ती म्हणाली. "कार्ड नसेल तर घरच्या माणसाने ओळख पटवावी, असं तुमच्या कायद्यातच आहे ना?"

निर्लज्जपणाची हद्द झाली होती. शिक्षिकाबाई स्वतः उठून आवारात गेल्या. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, मला तिथे नेऊ नका," ते हळूच म्हणाले. "तिच्या नावाने उभी राहिलेली बाई मला बघवणार नाही. तुम्ही परस्पर पोलिसांकडे द्या."

"मला समजतंय, साहेब. पण नियमाप्रमाणे तुमचा जबाब लागेल. एक मिनिट फक्त."

ते आले. टेबलापासून चार हात लांबच थांबले. ती वळली आणि तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"या तुमच्या पत्नी आहेत का?" शिक्षिकाबाईंनी विचारलं. असलं काही विचारावं लागतंय याची त्यांना लाज वाटली.

"मी या बाईला ओळखत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "माझी बायको जाऊन आठ वर्षं झाली."

"मागच्या वेळीही या नावावर मीच मत दिलं होतं," ती शांतपणे म्हणाली.

शिक्षिकाबाईंना वाटलं, उठून हिच्या मुस्काटात द्यावी. चोरी ती चोरी, वर तोंड करून कबुली. एका सज्जन माणसाला या बाईने सभासभांतून रडत फिरवलं होतं. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाला खूण केली आणि जबाब लिहून काढला. वकीलसाहेबांची सही तेवढी झाली की प्रकरण मिटलं.

पोलिसाने तिचा दंड धरला. ती हलली नाही.

"मत दिल्याशिवाय मी जाणार नाही," ती म्हणाली. पोलिसाला नाही, वकीलसाहेबांना. "आज हाकललंत तर पुढच्या वेळी येईन. त्याच्या पुढच्या वेळीही येईन. दर वेळी याच नावाने."

वकीलसाहेब सहीसाठी टेबलाशी आले होते, हातातलं पेन कागदावर टेकलं होतं. सही काही होईना. मानेवरची शीर तटतटून फुगली. शिक्षिकाबाईंनी त्यांना पाणी द्यायला ग्लास उचलला.

पेन आपटून ते तिच्या अंगावर धावून गेले. आवाज कधीच न चढवणारा तो माणूस सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, "पुन्हा या गावात पाऊल टाकायचं नाही, असं घराबाहेर काढतानाच बजावलं होतं ना तुला?"