सातवी बोट

घर विकून उरलेलं आयुष्य समुद्रावर काढायचं, म्हणून ती दोघं जुनी शिडाची बोट शोधत होती. या सातव्या बोटीवर नवऱ्याने डोलकाठीवर टिचक्या मारल्या, इंजिनात डोकावलं आणि तो खूश झाला. तिने पाय रोवून दोन्ही हातांनी शिडाचा दोर ओढला. तो हललाच नाही.

"अहो, तुम्ही पाण्यात पडलात तर मी एकटी काय करू?"

"मी कशाला पडतोय! तू आपली खाली चहाचं बघ."

बोट दाखवायला आलेला दलाल हसला. "वहिनी, भाऊ आहेत ना!"

तिची कानशिलं तापली, पण आवाज चढला नाही. तिने नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं, खिशातला फोन काढला आणि दोन्ही आपल्या पर्समध्ये ठेवली.

"मारा उडी."

"काय?"

"आत्ता, इथेच. मला तुम्हाला वर ओढता आलं, तर हीच बोट घेऊ. नाही आलं, तर काढायला हे दादा आहेत. भर समुद्रात कोण असणार आहे?"

दलालाचं हसू मावळलं. नवऱ्याने खालच्या काळ्या पाण्याकडे पाहिलं, मग दोराने लाल झालेल्या तिच्या तळव्यांकडे.

"हिला एकटीला चालवता येईल," त्याने दलालाला विचारलं, "अशी एखादी आहे का?"